चाळीसाचे दोनशे झाले, तरी रक्कम तीच का?

"आदरणीय नाना,

मी पाचोऱ्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या वर्षी पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून एका कंपनीचे ४० शेअर घेतले, सरासरी १,४५० रुपयांनी. आखाजीला माहेरी गेले होते. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झोक्यावर बसल्या बसल्या मोबाइल उघडला, तर आदल्या दिवशी १,७५० असलेला भाव ३५०! माझे ७०,००० चे १४,००० झालेले, समोर ७६ टक्के तोटा लाल अक्षरात. विकायला गेले तर विकताही येईना. हातपाय गार पडले. आईला काही बोलले नाही.

भावाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, 'अगं, स्प्लिट झालाय.' दोन दिवसांनी खात्यात २०० शेअर दिसले आणि जीव भांड्यात पडला. पण आता तो रोज मागे लागलाय. म्हणतो, '३५० ला मिळतोय तोवर अजून ३०० घे, परत १,७५० झाला की पाचपट. पाटल्या ठेव गहाण.' मिस्टर नको म्हणतात. मी मधल्या मध्ये अडकले आहे.

अजून एक. माझे सासरे अमळनेरला होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत विप्रोच्या २० शेअरचा १९९६ चा कागद सापडला, दर्शनी किंमत १० रुपये. भाऊ म्हणतो, त्यालाही स्प्लिट लागला असेल, २० चे १०० झाले असतील. हे खरं आहे का?"

ताई,

आधी पाटल्यांचं. त्या कपाटातच राहू द्या. तुमचे मिस्टर बरोबर सांगताहेत. का, ते पुढे सगळं मांडतो, पण हे पत्र अर्धं वाचून कुणी जळगावला सराफाकडे निघायला नको म्हणून हे वाक्य सगळ्यात वर घेतलं.

तुमच्या घरी शेती असेलच, म्हणून सातबाऱ्यावरून सुरुवात करतो. समजा तुमच्या नावावर एक गट आहे, १० एकरांचा. मोजणी करून त्याचे २-२ एकरांचे पाच पोटहिस्से पाडले, आणि पाचही तुमच्याच नावावर ठेवले. उतारे एकाचे पाच झाले. जमीन १० एकरच. विहीर तीच, पिकणारा कापूस तेवढाच. स्प्लिट म्हणजे एवढंच. तुमच्या कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीच्या प्रत्येक शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर केले. असं फक्त तुमच्याच शेअरचं झालं नाही, मालकांपासून तुमच्यापर्यंत सगळ्यांच्याच शेअरचं झालं. त्यामुळे कंपनीत तुमचा वाटा आधी जेवढा होता, अगदी तेवढाच आज आहे. कंपनीच्या तिजोरीतून एक रुपया बाहेर गेला नाही, एक रुपया आत आला नाही.

दर्शनी किंमत म्हणजे कागदावर छापलेली मूळ किंमत. बाजारभावाशी तिचा रोजचा काही संबंध नाही. आपल्याकडे ती बहुधा १०, ५, २ किंवा १ रुपया असते. १ रुपयाच्या खाली जाता येत नाही. म्हणून १ रुपया दर्शनी किमतीच्या कंपनीचा "स्प्लिट येणार" असा निरोप कुणी पाठवला, तर पाठवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही असं खुशाल समजा.

आता त्या सकाळी नेमकं काय झालं ते पाहू. कंपनीचं संचालक मंडळ स्प्लिटचा ठराव करतं. मग भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६१ मध्ये तशी तरतूद आहे. ही मंजुरी बहुतेक वेळा टपाली किंवा ऑनलाइन मतदानाने घेतात. तुमच्या ईमेलवर तसं पत्र नक्की आलं असेल, आपण ती न उघडता पुसतो. त्यानंतर रेकॉर्ड डेट जाहीर होते. त्या दिवशी ज्यांच्या डिमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या ऑनलाइन खात्यात, शेअर असतील त्यांचे शेअर विभागले जातात. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्या बाजारात सगळ्या शेअरचा व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, त्यामुळे सहसा रेकॉर्ड डेटच्याच सकाळी भाव नव्या हिशोबाने उघडतो. तुम्ही झोक्यावर होतात ती हीच सकाळ.

१,७५० भागिले ५ म्हणजे ३५०. बाजाराने आदल्या दिवसाचा बंद भाव स्वतःच ३५० धरला. पण तुमच्या डिमॅटमध्ये अजून जुने ४० च शेअर होते. दर्शनी किंमत बदलली की शेअरचा आयएसआयएन, म्हणजे आयएनई पासून सुरू होणारा तो बारा अक्षरी क्रमांक, बदलतो. जुना क्रमांक बंद होऊन नव्या क्रमांकाने २०० शेअर जमा व्हायला दोन-चार दिवस जातात. मधल्या काळात ॲप नवा भाव आणि जुनी संख्या यांचा गुणाकार करून दाखवतं, ४० गुणिले ३५०, आणि १४,००० चा आकडा समोर येतो. विकता न येण्याचं कारणही तेच, जुन्या क्रमांकाचा व्यवहार बंद झालेला असतो. त्याच मोबाइलमध्ये तुम्ही भावांची यादी उघडली असती तर तिथे तोच शेअर रुपया-दोन रुपयांनीच वरखाली झालेला दिसला असता. एकाच ॲपमध्ये एका पानावर ७६ टक्के तोटा आणि दुसऱ्या पानावर काहीच विशेष नाही, असं दिसलं की घाबरण्याआधी कंपनीची सूचना शोधायची. एनएसई आणि बीएसई या दोन्ही शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर ती असते.

असा धक्का बसणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. जून २०२५ मध्ये बजाज फायनान्सने बोनस, म्हणजे पैसे न घेता दिलेले जादा शेअर, आणि स्प्लिट एकाच वेळी दिले. एकावर चार बोनस, शिवाय २ रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे दोन. एका शेअरचे दहा झाले आणि भाव दहाव्या हिश्श्यावर आला. जानेवारी २०२४ मध्ये नेस्ले इंडियाचा १० रुपयांचा शेअर १ रुपयाचा झाला, तेव्हा २७,००० च्या आसपासचा भाव २,७०० च्या आसपास दिसू लागला. त्या त्या सकाळी किती घरांत चहा गार झाला असेल!

आता तुमच्या भावाच्या हिशोबाकडे येतो. ते चुकीच्या हेतूने सांगत नाहीत, बहिणीचं भलं व्हावं म्हणूनच सांगताहेत. पण त्यांनी भाव धरला आणि बाकीचं सोडून दिलं. सोपे आकडे घेऊ. समजा कंपनीचे एकूण २ कोटी शेअर होते, भाव १,७५०. म्हणजे बाजार अख्ख्या कंपनीची किंमत ३,५०० कोटी करत होता. स्प्लिटनंतर शेअर १० कोटी, भाव ३५०. किंमत तीच ३,५०० कोटी. आता भाव "परत" १,७५० व्हायचा तर १० कोटी शेअर गुणिले १,७५०, म्हणजे कंपनी १७,५०० कोटींची व्हावी लागेल. हे परत जाणं नव्हेच. ही कंपनी तिथे कधी पोचलेलीच नाही. तिला आहे त्याच्या पाचपट मोठं व्हावं लागेल. होईलही कदाचित, दहा-पंधरा वर्षं चांगला धंदा केला तर. पण गहाणाचं व्याज पुढच्याच महिन्यापासून सुरू होतं.

स्वस्त-महाग ठरवायचं तर नफ्याशी ताडून बघा. याच कंपनीला वर्षाला १०० कोटी नफा होतो असं धरा. आधी एका शेअरच्या वाट्याला ५० रुपये नफा यायचा आणि त्यासाठी तुम्ही १,७५० मोजत होता. म्हणजे ३५ पट. आता वाट्याला १० रुपये येतात आणि तुम्ही ३५० मोजता. परत ३५ पट. एका पैशाने स्वस्त झालेला नाही. उलटही खरं आहे. एमआरएफच्या एका शेअरचा भाव जून २०२३ मध्ये लाखावर गेला, कारण त्या कंपनीने शेअर विभागलेलेच नाहीत. लाखाचा म्हणून तो महाग ठरत नाही, आणि २० रुपयांचा म्हणून एखादा शेअर स्वस्त ठरत नाही.

मग कंपन्या हे करतात तरी कशाला? रावेरच्या बाजारात केळीचा अख्खा घडच घ्या म्हटलं तर घरगुती गिऱ्हाईक पाठ फिरवतं, फणी सुटी केली की गर्दी होते. आपल्याकडे शेअरचा तुकडा विकत मिळत नाही, निदान एक तरी पूर्ण घ्यावा लागतो. भाव उतरला की छोटा गुंतवणूकदार येऊ शकतो, घेणारे-विकणारे वाढतात, व्यवहार सुटसुटीत होतो. तुमचाही यात एक खरा फायदा आहे, आणि तो मी लहान मानत नाही. उद्या मुलाच्या फीसाठी ३,००० कमी पडले तर आधी १,७५० चे दोन शेअर मोडावे लागले असते, आता ३५० चे नऊ मोडून भागेल. स्प्लिट जाहीर झाल्यावर भाव काही दिवस चढतो असंही पुष्कळदा दिसतं. त्याचं एक कारण असं की ज्यांचा भाव आधीच चढलेला असतो त्याच कंपन्या शेअर विभागतात. दुसरं कारण म्हणजे तुमच्या भावासारखे हजारो जण "स्वस्त झाला" म्हणून धावतात. या धावण्यावर पैसे लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि टेलिग्रामच्या गटांत न ऐकलेल्या कंपन्यांच्या स्प्लिटची बातमी फिरते, तिथे तर पायही ठेवू नका.

लाभांशाचा घोळही आत्ताच सांगून ठेवतो. कंपनी लाभांश शेअरमागे रुपयांत जाहीर करते, पण कुणी तो टक्क्यांत सांगितला तर ते टक्के दर्शनी किमतीवर असतात. आधी २०० टक्के म्हणजे १० रुपयांवर २० रुपये. आता २०० टक्के म्हणजे २ रुपयांवर ४ रुपये. पण शेअर पाचपट आहेत, हातात रक्कम तेवढीच पडेल. पुढच्या वर्षी "लाभांश २० वरून ४ वर आणला" असं कुणी सांगितलं तर दचकू नका.

करासाठी तुमची वही अशी लिहा: ४० शेअर, १,४५० प्रमाणे ५८,००० रुपये, हे खोडून २०० शेअर, २९० प्रमाणे ५८,००० रुपये. खरेदीच्या तारखा मूळच्याच ठेवा. स्प्लिट झाला म्हणून कर लागत नाही आणि मुदतही नव्याने सुरू होत नाही. मूळ खरेदीला १२ महिने उलटून गेले असतील तर विक्रीचा नफा दीर्घ मुदतीचा, वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आणि त्यावर १२.५ टक्के. १२ महिन्यांच्या आत विकलं तर २० टक्के. बोनस शेअरचं मात्र वेगळं आहे. बोनसमध्ये कंपनी राखीव निधीतली रक्कम भांडवलात वळवते आणि त्याच दर्शनी किमतीचे जादा शेअर देते. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात, आणि मुदत तो मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. घरबसल्या दोन्ही सारखेच वाटतात, विवरणपत्र भरताना चूक होते ती इथेच.

आता ट्रंकेतला कागद. हा भाग वाचून माझे डोळे भरून आले, कारण अमळनेरच्या अशा ट्रंका मी पाहिल्या आहेत. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी ही कंपनी. तिचे शेअर गावातल्या साध्या माणसांनी घेतले आणि वर्षानुवर्षं विकले नाहीत. तुमच्या भावाने स्प्लिट बरोबर ओळखला. १९९९ मध्ये विप्रोचा १० रुपयांचा शेअर २ रुपयांचा झाला. पण बोनस ते विसरले. १९९६ चे २० शेअर कुणी हात न लावता ठेवले असतील तर १९९७ मध्ये एकावर दोन बोनस मिळून ६० झाले. १९९९ च्या स्प्लिटने ३००. २००४ मध्ये पुन्हा एकावर दोन, ९००. २००५ मध्ये एकास एक, १,८००. २०१० मध्ये तीनावर दोन, ३,०००. २०१७ मध्ये एकास एक, ६,०००. २०१९ मध्ये तीनावर एक, ८,०००. २०२४ मध्ये एकास एक, १६,०००. सावकाश वाचा, ताई. वीसाचे सोळा हजार.

पण इथेही एक गोष्ट नीट बघा. ही माणसं श्रीमंत झाली ती कागदांची संख्या वाढली म्हणून नाही. तुपाच्या कारखान्यापासून ती कंपनी संगणकाच्या धंद्यात गेली, नफा कित्येक पटींनी वाढला, आणि म्हणून त्या कागदांना किंमत आली. धंदा बुडाला असता तर १६,००० कागदांची किंमत रद्दीएवढी झाली असती.

तरी अजून १६,००० धरून बसू नका. माझे मामा धरणगावला जिनिंगमध्ये मुनीम होते. त्यांच्याकडे एका जुन्या कंपनीचे १०० रुपयांचे शेअर होते. कंपनीने त्यांचे १० रुपयांचे केले आणि नवं प्रमाणपत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. सोबतच्या इंग्रजी पत्रात लिहिलं होतं की जुनं प्रमाणपत्र आता रद्द. ते पत्र मामांना कुणी वाचून दाखवलं नाही. दोन्ही कागद त्यांनी एकाच पिवळ्या पाकिटात जपून ठेवले, दोन्ही मोजले, आणि मुलीच्या लग्नाचा खर्च त्या बेरजेवर ठरवला. विकायला जळगावला गेले तेव्हा दलालाने जुना कागद बाजूला सरकवला. मामा घरी येऊन ओसरीवर किती तरी वेळ नुसते बसून होते. मी तेव्हा बारावीत होतो. त्या पाकिटावरची त्यांची शाईची सही मला अजून दिसते.

म्हणून तुमच्या हातातला कागद जिवंत आहे की रद्द झालेला, हे तो कागद पाहून कळणार नाही. सासऱ्यांनी मध्ये शेअर विकले असतील, डिमॅट केले असतील किंवा नवी प्रमाणपत्रं ट्रंकेतच दुसऱ्या पाकिटात असतील. आधी पूर्ण ट्रंक रिकामी करा. प्रमाणपत्रावर फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या नोंदीतला भागधारकाचा खाते क्रमांक, असतो, तो कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, लेखी कळवून आज त्या फोलिओत किती शेअर आहेत, कोणते लाभांश पडून आहेत, हे विचारा. रजिस्ट्रारचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. २०१३ मध्ये विप्रोने साबण-तेलाचा व्यवसाय वेगळ्या कंपनीत काढला, त्या वेळी या फोलिओला काय मिळालं तेही त्याच पत्रात विचारून घ्या. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत गेलेले असतात. ते बुडत नाहीत. आयईपीएफ-५ हा अर्ज भरून वारसाला परत मिळतात आणि त्या अर्जाला फी नाही. "मी सोडवून देतो, वीस टक्के द्या" म्हणणारे लोक गावोगाव फिरतात, त्यांच्या हातात मूळ कागद देऊ नका.

कागदावरचे शेअर आता दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, १ एप्रिल २०१९ पासून ते बंद झालं. आधी वारसांच्या नावावर, मग डिमॅटमध्ये, मग पुढचं. त्यासाठी सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं आणि सगळ्या वारसांची संमती लागेल. हा कागद एकट्या तुमच्या घराचा नाही हे लक्षात ठेवून दीर, नणंदा आणि सासूबाई यांना पहिल्याच दिवशी विश्वासात घ्या. आणि सासूबाईंना विचारा, सासऱ्यांचं जुनं पासबुक किंवा लाभांशाची पाकिटं कुठे आहेत. त्यावरचा पत्ता आणि नावाचं स्पेलिंग प्रमाणपत्राशी जुळलं तर तुमचे तीन-चार महिने वाचतील. फोलिओ नंबर मात्र मला पत्रात लिहू नका, तो फक्त रजिस्ट्रारला द्या.

तुमचा,
नाना